परक्या शहरातला पहिला दिवस एकट्यानेच आणि पायीच घालवावा का? (लिस्बनच्या निमित्ताने)

कृष्णाकाठ

गेल्या ऑक्टोबरात कामानिमित्त पोर्तुगालात लिस्बनला जाणं झालं. चार दिवस सभागृहात गेले. पाचवा दिवस सोमवार, पूर्ण मोकळा; परतीचं विमान मंगळवारी पहाटे. बरोबरची मंडळी गाडी ठरवून सिंत्राचे राजवाडे बघायला गेली. मला आग्रह झाला, पण मी नाही गेले. सकाळी साडेसातला एकटीच बाहेर पडले ती रात्री नऊला खोलीवर आले. १७ किलोमीटर चालणं झालं होतं.

त्या दिवसाने माझं एक मत पक्कं केलं. घरी आल्यापासून मी त्यावरून सगळ्यांशी वाद घालते आहे, म्हणून इथेही मांडते. परक्या शहरातला पहिला दिवस एकट्याने आणि पायीच घालवावा. वाटाड्या नको, फिरती बस नको, जिवलग मैत्रीणसुद्धा नको.

सुरुवात नदीपासून केली. तेजो नदी, जिला इंग्रजीत टॅगस म्हणतात, समुद्राला मिळायच्या आधी इतकी पसरते की त्या सकाळी धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. नदीकाठी व्यापार चौक आहे, प्रासा दो कोमेर्सियो. तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या इमारती, चौथी बाजू नदीकडे उघडी. तिथे दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि दोन खांब पाण्याच्या कडेला उभे आहेत. मी सांगलीची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. पायऱ्यांवर शेवाळ कुठपर्यंत चढलंय ते पाहिलं आणि भरतीचं पाणी कुठवर येतं ते न विचारता कळलं. अर्धा तास तिथेच बसले. कोणी सोबत असतं तर तीन मिनिटांत फोटो काढून उठले असते.

मग बायशा, म्हणजे खालची पेठ. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्राची लाट नदीतून आत शिरली, आणि मेणबत्त्या-चुलींनी पेटलेली आग कित्येक दिवस विझली नाही. जुनी पेठ नाहीशी झाली. पॉम्बाल या मंत्र्याने त्या जागी आखीव रस्त्यांची नवी पेठ बसवली, रस्त्यांना धंद्यांची नावं दिली. मी पाट्या वाचत गेले: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, कापडवाल्यांचा. आपल्याकडे तांबट आळी, बोहरी आळी असते तसंच. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. पण कळलं कधी, तर त्या सपाट, सरळ रस्त्यावरून अल्फामाच्या चढाला लागले तेव्हा. अल्फामा टेकडीवर आहे, तिथे पडझड कमी झाली, म्हणून गल्ल्या अजून वाकड्यातिकड्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं अशा. नावही अरबीच, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेलं. भूकंपाने शहर कुठे पुसलं आणि कुठे सोडलं ती रेघ पायांना कळते. गाडीत बसून कळत नाही.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. अल्फामात एका किराणा दुकानाबाहेर फळ्यावर खडूने भाव लिहिले होते. मी अडखळत वाचलं: बटाटा. कोव्ह, म्हणजे कोबी. अननस. थोडं पुढे किल्ल्या करून देणाऱ्याच्या दारावर 'शाव्हेश', म्हणजे चाव्या. लोखंडी सामानाच्या दुकानात 'बाल्द', आपली बालदी. कॉफीच्या दुकानात पुढची बाई पाकीट काढत काहीतरी म्हणाली आणि त्यातला 'पागार' मला स्पष्ट ऐकू आला. पैसे देणं. आपला पगार तिथून आला! पाव तर होताच. आणि दुपारी एका साध्या खानावळीत काचेमागे समोसे मांडलेले, नाव 'शामुसा'. दोन खाल्ले. माझी आई आयुष्यात गोव्याच्या पलीकडे गेली नाही, पण या शहरातले वीसेक शब्द ती रोज बोलते, हे त्या काचेसमोर उभी असताना लक्षात आलं आणि डोळे भरून आले. बरोबर मराठी बोलणारं कोणी असतं तर आमची आमच्यातच बडबड चालली असती. पाट्या वाचायचं सुचलंच नसतं.

सांता लुझियाच्या सज्जाजवळ चर्चच्या भिंतीवर निळ्या फरशांचं एक चित्र आहे, भूकंपाच्या आधीचा नदीकाठचा चौक. म्हणजे सकाळी मी बसले होते तीच जागा, अडीचशे वर्षांपूर्वीची आणि त्याहून जुनी. मी ते बघत असताना झेंडीमागून चाळीसेक जणांचा गट आला, नदीचे फोटो काढले आणि गेला. एकानेही त्या चित्राकडे नीट पाहिलं नाही. मला वाईट वाटलं. त्याला मी शहर पाहणं म्हणणार नाही.

उतरून रोसियो चौक, मग कार्मोचं छप्पर नसलेलं चर्च. भूकंपात छत कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही, कमानींवर आता थेट आभाळ आहे. संध्याकाळी पुन्हा नदीवर. बेलेमला गेले नाही. व्हास्को द गामाची कबर, मनोरा, काही पाहिलं नाही. ते सहा किलोमीटर पलीकडे आहे, आणि एक दिवस हाती असेल तर दहा ठिकाणांवर हजेरी लावण्यापेक्षा एक टेकडी नीट चढावी असं मला वाटतं.

दिवसातली सगळ्यात शांत दहा मिनिटं मात्र से या जुन्या कॅथेड्रलच्या वर मिळाली. एक जाड भिंतीची इमारत आहे, तिच्या सावलीला टेकून संत्रं सोललं, शेजारून पिवळी २८ नंबरची ट्राम करकरत गेली. तेवढंच. पण लिस्बन म्हटलं की मला तेच आठवतं.

तुमचं मत सांगा. विरोधी असलं तरी चालेल.


दप्तरदार

कृष्णाकाठताई, घाटाचा परिच्छेद दोनदा वाचला. मत मात्र पटलं नाही. मी पुण्यात कसबा आणि शनिवारवाड्याच्या भागात बावीस वर्षं लोकांना पायी हिंडवतोय, त्यामुळे 'वाटाड्या नको' हे मला लागलं, हे आधीच सांगतो.

तुम्ही रोसियोवरून एका ओळीत निघून गेलात. त्या चौकाच्या उत्तरेला खांबांचं राष्ट्रीय नाट्यगृह आहे. त्या जागी पूर्वी एस्ताउस नावाचा राजवाडा होता आणि त्यात इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या न्यायासनाची कचेरी. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत जे न्यायासन बसलं, त्याची वरची गादी तिथे. नाट्यगृहाच्या अंगावरून दोन मिनिटं चाललात की सांतो दोमिंगोचं चर्च लागतं. एप्रिल १५०६ मध्ये तिथून उसळलेल्या दंगलीत तीन दिवस नव-ख्रिस्त्यांची, म्हणजे सक्तीने बाटवलेल्या ज्यूंची कत्तल झाली. हजारो माणसं गेली. बाहेर लहानसं स्मारक आहे. १९५९ च्या आगीत फुटलेले, काळवंडलेले खांब आत तसेच ठेवलेत. तुमच्या लेखात यातलं काही नाही. तुमची चूक आहे असं मी म्हणत नाही. चौक काही बोलला नाही, एवढंच.

भिंती आपणहून बोलत नाहीत, ताई. शनिवारवाड्यात नवखा माणूस शिरतो, त्याला हिरवळ आणि जोती दिसतात. १८२८ ची आग कोणी सांगितली तर जोत्यांवर वाडे का नाहीत ते कळतं. बायशाचंच घ्या. पॉम्बालच्या माणसांनी त्या घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा बसवला, पिंजऱ्यासारखा, म्हणजे पुन्हा धरणी हलली तर घर हलेल पण बसणार नाही. भूकंपाचा विचार करून एवढी मोठी पेठ बांधल्याचं युरोपातलं हे फार जुनं उदाहरण आहे. सांगाडा गिलाव्याच्या आत. जन्मभर त्या रस्त्यांवरून चाललात तरी तो दिसायचा नाही.

चांगला वाटाड्या तुमची नजर अडवत नाही. तो बोट दाखवतो आणि गप्प बसतो. असे कमी असतात हे मान्य, पण म्हणून 'नकोच' हे टोक झालं.


एकटी_तरी

मी ताईंच्या बाजूने, आणि कारण इतिहासाचं नाही.

मी २९ वर्षांची आहे. घरात, कॉलेजात, नोकरीत, कुठेही सकाळी साडेसात ते रात्री नऊ मी कुठे आहे हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय गेले नव्हते. पहिल्यांदा गेले ते व्हिएन्नात, एक शनिवार. काय पाहिलं म्हणाल तर फार नाही. पण पाय दुखले तेव्हा बसले, भूक लागली तेव्हा खाल्लं, डावीकडे वळावंसं वाटलं तेव्हा वळले. 'चल ना आता', 'अजून किती', 'इथे काय आहे एवढं', यातलं एकही वाक्य दिवसभर कानावर आलं नाही. दप्तरदार, तुमचं सगळं खरं असेल, पण तुम्ही बोट दाखवलं की मला तिकडे बघावं लागतं. मला एक दिवस कोणाच्याही बोटाकडे बघायचं नव्हतं.

आणि हे आपल्या मुली आपल्या शहरांत किती करू शकतात? मी माझ्या गावात दुपारी दोनला एकटी बागेतल्या बाकावर बसले तरी चार माणसं चौकशी करतात. त्यामुळे 'एकट्याने फिरणं' ही बाईसाठी नुसती प्रवासाची पद्धत नाही.

सांभाळायचं ते सांभाळावंच. २८ नंबरच्या ट्राममधल्या पाकीटमारांबद्दल मी इतक्या जणींकडून ऐकलंय की ताई तिच्यात न चढता शेजारून चालल्या हे बरंच झालं.


सुमन_आजी

कृष्णाकाठ, तुला 'तू'च म्हणते, माझी मुलगी तुझ्या वयाची असेल.

चाळीसातल्या एकानेही चित्राकडे नीट पाहिलं नाही, असं लिहिलंस. बाळ, मी अशाच एका गटातून लिस्बन पाहिलं. तुझा गट नव्हे, त्याआधी दोन वर्षं. वय ६७, दोन्ही गुडघे बदललेले. यजमान गेल्यावर घराबाहेर पडायची पहिली वेळ. तिथले फुटपाथ तू पाहिलेस ना? मुठीएवढे चुनखडीचे पांढरे आणि बेसॉल्टचे काळे दगड बसवलेले, झिजून झिजून काचेसारखे झालेले. आम्ही गेलो तेव्हा पाऊस. विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवर पाऊल टाकावं तसं एकेक पाऊल टाकत होते. समोर झेंडी दिसत होती, वाट चुकणार नाही याची खात्री होती, शेजारच्या बाईंनी हात धरला होता, म्हणून मला मान वर करता आली. एकटी असते तर दिवसभर पायाखालचे दगडच पाहिले असते.

आणि मी पाहिलं. नीट पाहिलं. बेलेमच्या मनोऱ्यावर एका बुरुजाच्या तळाशी गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे, पावसापाण्याने झिजलेलं. आमच्या वाटाड्या मुलीने दाखवलं नसतं तर दगडाचा गोळा समजून पुढे गेले असते. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा, पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने गोव्याहून जहाजावर चढवला, आफ्रिकेला वळसा घालून १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला. कित्येक शतकांत युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. एवढ्या लांब, पाण्यावर, एकटं जनावर. मी त्याच्याकडे बघून रडले. गटातल्या कोणाच्या ते लक्षात आलं नाही. तुझ्यासारखं कोणी बाजूला उभं असतं तर त्यांना एक म्हातारी झेंडीमागे चाललेली दिसली असती.

दोन मिनिटांत माणूस काय पाहतो ते बाहेरून कळत नाही गं.


तेजोकाठी

मी लिस्बनमध्ये सहा वर्षं राहतोय. धागा वाचताना एक गोष्ट सारखी खटकली: दोन्ही बाजू शहर 'पाहण्याबद्दल' बोलताहेत. तिथे लोक राहतात.

मी आलो तेव्हा अल्फामात भाड्याने खोली बघितली होती. घरमालकीण म्हणाली, पर्यटकांना चार रात्री दिली तरी मला तुझ्या महिन्याच्या भाड्याच्या जवळ पैसे मिळतात. तिचंही खोटं नव्हतं. जिन्यात चार दारं होती, तीन दारांना आकड्यांची कुलुपं. चौथ्या दारात एक आजी, त्या घरात जन्मलेल्या. पहाटे दगडी पायऱ्यांवरून चाकांच्या बॅगा उतरतात तो आवाज हा आता त्या गल्लीचा आवाज आहे. २०१८ मध्ये महापालिकेने अल्फामा, मोरारिया, बाइरो आल्तो अशा जुन्या वस्त्यांत पर्यटकांना भाड्याने द्यायच्या नव्या घरांची नोंदणी थांबवली, पण तोवर बरीचशी घरं गेली होती.

कृष्णाकाठ, तुम्ही एकट्या चाललात म्हणून त्या गल्लीवर कमी ओझं पडलं असं नाही. चाळीस जण दोन मिनिटं थांबतात, एकटा माणूस वाळत घातलेल्या कपड्यांखाली वीस मिनिटं उभा राहून फोटो काढतो. तुम्ही तसं केलंत असं म्हणत नाही. रोज बघतो, म्हणून लिहितो.

तरी एक दिवस पायी फिरायचाच तर निदान वाट लांब करा. किल्ल्याच्या मागे मोरारियात उतरा, मार्तिम मोनिश चौक ओलांडा, बेनफोर्मोसो रस्त्याने वर चला. एके काळी जिंकलेल्या मुसलमानांना शहराबाहेर वसवलं ती ही वस्ती, फादो गाण्याचा जन्म इथलाच मानतात. आज तिथे बांगलादेशी, नेपाळी, भारतीय दुकानं आहेत. मी पोहे आणि कढीपत्ता तिथूनच आणतो. तुमचे 'शामुसा' मोझांबिकमार्गे आलेल्या गुजरात्यांनी आणि गोंयकारांनी इथे रुजवले. जे लोक पोर्तुगालने आपल्या जहाजांनी दूरदूर नेले, त्यांची नातवंडं या शहरात येऊन राहिली. २००७ ते २०१५ या शहराचे महापौर आणि नंतर पंतप्रधान झालेले आंतोनियो कोश्ता यांचं घराणं मडगावशी जोडलेलं. हे लिस्बन नदीकाठच्या चौकाइतकंच खरं आहे.


वसईकर

थोडं अवांतर, पण शब्दांचा विषय निघाला म्हणून. ताईंना पाटीवर 'शाव्हेश' दिसलं आणि आपण 'चावी' म्हणतो. आपलं चुकलेलं नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकही 'च'च म्हणायचे. 'श' तिथे नंतर झाला. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा लिस्बनचा उच्चार वसईच्या आणि गोव्याच्या घराघरांत टिकला, लिस्बनमध्ये टिकला नाही. मेस्त्री, घमेलं, काजू, पाद्री हेही यादीत घाला.

मूळ प्रश्नावर: माझे लोक १७३९ पर्यंत त्यांची प्रजा होते, नंतर चिमाजी आप्पांनी वसई घेतली. आमच्या चर्चची घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. मी लिस्बनला गेलो तर एकटाच जाईन. तिथे उभं राहून मला नक्की काय वाटेल ते मलाच ठाऊक नाही, आणि ते होत असताना शेजारी कोणी नको.


मांडवीतीर

ताई, मी पणजीचा. घरात मराठी वर्तमानपत्र, आजोबांच्या तोंडी पोर्तुगीज. तुमची शब्दांची यादी वाचून आधी हसू आलं. मग संत्र्यापाशी आलो आणि थांबलो.

सेच्या वरच्या अंगाला, ट्रामच्या रुळांना लागून, जाड भिंतीची इमारत. ते अल्जुब असणार. हुकूमशहा सालाझारच्या काळात राजकीय कैद्यांचा तुरुंग. १९६५ पर्यंत तिथे माणसं ठेवत होते. कोठड्या इतक्या अरुंद की कैदी त्यांना गुरांचे गोठे म्हणत. २०१५ पासून तिथे प्रतिकाराचं आणि स्वातंत्र्याचं संग्रहालय आहे. वसाहतींमधल्या लढ्यांवरही त्यात भाग आहे.

आणि तुम्ही सांगलीच्या. मोहन रानडे सांगलीचे. मूळ नाव मनोहर आपटे. मराठी शिकवायला म्हणून गोव्यात आले, आझाद गोमंतक दलात गेले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं. लिस्बनच्या पश्चिमेला काशियस म्हणून गाव आहे, तिथल्या किल्ल्यात ठेवलं, त्यातली कित्येक वर्षं एकांतकोठडीत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. आम्ही मिरवणुका काढल्या. रानडे सुटले १९६९ मध्ये. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी किती खपले ते जुन्या लोकांना आठवत असेल. ज्या नदीच्या घाटावर तुम्हाला माहेर आठवलं, त्याच नदीच्या मुखाशी तुमच्या गावचा माणूस भिंतीआड बसला होता.

एकट्याने फिरताना माणसाला तेवढंच सापडतं जेवढं तो बरोबर घेऊन गेलेला असतो. तुम्ही घाट नेलात, घाट सापडला. चावी नेलीत, चावी सापडली. रानडे नेले नव्हते, म्हणून त्या भिंतीने नुसती सावली दिली. माझा तुमच्या मताला विरोध आहे तो इथे. एकटेपणाने डोळे उघडतात हे खरं. पण जे माहीत नाही त्यासाठी ते उघडत नाहीत.

कार्मोचंही तसंच. त्या चर्चला लागून सैनिकी ठाणं आहे. २५ एप्रिल १९७४ ला सैन्याने हुकूमशाही उलथवली तेव्हा पंतप्रधान कायतानो तिथे लपले आणि समोरच्या लहानशा चौकात चिलखती गाड्या, माणसं, बंदुकांच्या नळ्यांत लाल फुलं. संध्याकाळी त्यांनी सत्ता सोडली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करार करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. तेरा वर्षं आमच्या आजोबांच्या कपाटात पोर्तुगीज कागदपत्रं एका बाजूला आणि भारतीय दुसऱ्या बाजूला होती. तो प्रश्न त्या चौकात सुटला. तुम्ही तिथे उभं राहून आभाळ पाहिलंत.

रागाने लिहीत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.


कृष्णाकाठ

कालपासून उत्तर लिहिते आणि खोडते आहे.

मांडवीतीर, मोहन रानड्यांचं नाव मला माहीत होतं. आमच्या घरी निघायचं. काशियस हे नावही लहानपणी ऐकलेलं. आणि तरी चौदा तास त्या शहरात फिरताना ते एकदाही आठवलं नाही. बटाटा आठवला. हे मला फार लागलंय आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

सुमनकाकू, त्या चाळीस जणांबद्दलचं वाक्य मी लिहायला नको होतं. मला त्यांच्या पाठी दिसत होत्या, चेहरे नाही. क्षमा करा. गेंड्याचं वाचून मी बेलेमला गेले नाही याचं पहिल्यांदा वाईट वाटलं.

तेजोकाठी, मी कपड्यांचा फोटो काढला होता. वीस मिनिटं नव्हे, पण काढला होता.

तरी मत पूर्ण मागे घेत नाही. का ते सांगते. समजा त्या सकाळी दप्तरदारांसारख्या जाणत्या माणसाने मला अल्जुबसमोर उभं करून हे सगळं सांगितलं असतं. मी मान डोलावली असती, आत गेले असते, बाहेर येऊन पुढच्या ठिकाणी गेले असते. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर आणखी दहा गोष्टी साचल्या असत्या. आज मांडवीतीरांचं लिहिलेलं वाचताना माझ्या पाठीला ती भिंत लागली. तिचा गारवा, ट्रामची करकर, बोटांना संत्र्याचा वास. माहिती आता आली, पण तिला बसायला जागा त्या दिवशी झाली होती. एकटी नसते तर ती जागा झाली नसती, असं मला अजून वाटतं.


दप्तरदार

ताई, हे मला पटतंय, म्हणूनच त्यातली फट दाखवतो. तुम्हाला मांडवीतीर भेटले. लाखो लोक त्या भिंतीला टेकून संत्रं खातात आणि त्यांना नंतर सांगायला कोणी भेटत नाही. त्यांच्यापुरती ती भिंत कायमची सावलीच राहते. 'आधी पाहा, मग कळेल' यात 'मग' येईल याची खात्री कोणी द्यायची? मी शनिवारवाड्यात बोलतो ते त्या 'मग'वर माझा भरवसा नाही म्हणून.

आणि एकटी_तरी, तुमचं म्हणणं मी माझ्या मुलीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, फक्त फोन माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं. बोटाबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही.


एकटी_तरी

तिला एकटीला एक दिवस द्या, काका. पुण्यातच.


कृष्णाकाठ

दप्तरदार, बरोबर आहे, खात्री नाही.

पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तिकडे काम निघण्याची शक्यता आहे. या वेळी एक दिवस अल्जुब आणि काशियस. वाचून जाईन, पण जाईन एकटीच. मांडवीतीर, काशियसचा किल्ला आतून पाहता येतो का? स्टेशनवरून चालत जाता येतं?


मांडवीतीर

काइश दो सोद्रे स्टेशनावरून काश्काइशच्या दिशेची लोकल घ्या. डाव्या खिडकीशी बसा, नदी सबंध वाटभर दिसते, बेलेमचा मनोराही दिसतो, आजींचा गेंडा त्याच्यावरच आहे. काशियसला उतरून चढ चढावा लागतो. आत सोडत नाहीत, तिथे अजून तुरुंग आहे. रस्त्यावरून तट दिसतो तेवढाच. मी गेलो तेव्हा तासभर बाहेर उभा होतो.

अल्जुब सोमवारी बंद असतं. तुम्ही टेकला होता तेव्हा आत कोणी नव्हतं. मंगळवार किंवा पुढचा कुठलाही वार धरा.